अंगठ्या काढून बसा

पार्लरवाल्या ताईंना देवाने दोन गोष्टी भरपूर दिल्या होत्या, एक जीभ आणि दुसरा निबरपणा. बाकीचं सगळं त्यांनी स्वतःच कमावलं. नवरा गेला तेव्हा पदरात लहान पोर होतं. जिन्याखालच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि एक नळ एवढ्यावर बाईने धंदा मांडला आणि पोरीला शिकवलं. त्याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. नावं ठेवायला पुढे बरंच आहे.

भुवया कोरता कोरता ताईंनी सगळ्या गल्लीचे चेहरे पाठ केले होते. कुणाच्या गालावर वांग आहे, कुणाच्या डोळ्यांखाली काळं आहे, सगळं तोंडपाठ. बाई खुर्चीत बसली की ताई तिच्याकडे असं बघायच्या, की हे तोंड घेऊन आपण इतके दिवस चारचौघांत फिरलो कशा, याचीच बिचारीला लाज वाटावी. मग हळूच विचारायच्या, "उन्हात फार फिरता का हो?" झालं. मासा गळाला लागलाच.

मग कपाटातून निघायची बिनलेबलाची पांढरी डबी. "शुद्ध वनस्पती हो! केमिकलचा वाससुद्धा नाही." पाणीसुद्धा केमिकलच असतं हे या बायकांना शाळेत शिकवलेलं, पण त्या खुर्चीत बसलं की शाळा विसरायची. केमिकल नाही म्हणजे नेमकं काय आहे, हे एकीनेही विचारलं नाही.

क्रीम लागू पडायचं, हे मात्र खरं. लागू पडायचं, कारण त्यात पारा होता. आणि हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. डबीवाल्याने पहिला खोका ठेवतानाच सांगितलं होतं, "ताई, सोनं लांब ठेवा. पारा आहे, लागला की सोनं पांढरं पडतं. आणि घरात कुणाला लावू देऊ नका. किडन्या बिघडतात, हात कापायला लागतात." एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसाने खोका डबीवाल्याच्या डोक्यात घातला असता. ताईंनी दागिने ठेवायला एक काचेचा वाडगा विकत आणला.

तेव्हापासून नियमच झाला. "अंगठ्या काढून बसा हं! दुसऱ्याच्या सोन्याची मला फार काळजी." बायका बाहेर जाऊन कौतुक करायच्या, काय बाई जपते गिऱ्हाइकाला! जपतच होती हो. सोन्याला जपत होती. सोन्यावरचा डाग दिसतो, कातडीत मुरलेला पारा दिसत नाही, त्यामुळे कातडीची तक्रार येत नाही.

शेजारच्या शिलाईवाल्या काकू एकदा रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "ताई, सुईत दोरा ओवेना गं, हात थरथरतो." ताईंनी क्षणभर वाडग्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वय झालं, काकू. टॉनिक घ्या." काकूंनी टॉनिक घेतलं. जाताना नवी डबीही घेतली.

राहता राहिली पोरगी. सावळी, नाकीडोळी नीटस, कॉलेजात शिकणारी, संध्याकाळी पार्लरमध्ये आईच्या हाताखाली. एकदा तिने डबी उघडली, तर ताईंनी हातावर सणसणीत फटका दिला. "तुला काय कमी आहे गं? सावळीच गोड दिसतेस!" हे वाक्य ताईंनी जन्मात दुसऱ्या कुणाला ऐकवलं नव्हतं. पण पोरीला ते गोड लागलं नाही. साऱ्या गल्लीला उजळायचं आणि मला तेवढं असंच ठेवायचं? हिच्या तोंडावर डबी कशाला वाया घालवायची, असंच आईला वाटत असणार. आईने आपल्यावर पाणी सोडलंय, हे तिच्या मनाने घेतलं.

एका संध्याकाळी बँकेतल्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. तोंडभर क्रीम थापलेलं, अंगठ्या वाडग्यात. दोघीजणी बाकावर ताटकळत होत्या. पोरगी चहा घेऊन आली. कप बशीत खुळखुळत होता, थोडा चहा सांडलाही.

"अगंबाई!" बँकेतल्या बाई किलकिल्या डोळ्यांनी बघत म्हणाल्या. "पोरगी काय उजळलीय! ताई, शेवटी घरचीलाही लावलंत ना?"

"छे हो, तिला कशाला," ताई हसत म्हणाल्या आणि वळल्या.

सगळ्या जगाच्या तोंडावरचे डाग बघणारी ही बाई, स्वतःच्या पोरीकडे किती दिवसांत तिने नीट बघितलं नव्हतं कुणास ठाऊक. गाल खरंच उजळले होते. पण ताईंची नजर खाली गेली, थरथरत्या बशीवर. पोरीच्या बोटात आजीने दिलेली सोन्याची अंगठी होती. तिच्यावर पांढरट डाग पसरला होता.

वाडगा कशासाठी आहे, हे पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कधीपासून लावतेस?" ताईंनी विचारलं.

"सुट्टी लागल्यापासून." पोरगी चक्क लाजली. "बघ ना आई, मलाही लागू पडलं."

कप खाली पडून फुटला. ताईंनी तिचं मनगट धरून तिला नळाशी फरफटत नेलं. "धू! कार्टे, आधी तोंड धू! पारा आहे त्यात! विष आहे ते, विष! मरायचंय का तुला?"

बाकावरच्या दोघी ताडकन उभ्या राहिल्या. पोरीने साबणाच्या फेसाने भरलेलं तोंड वर केलं.

"मग यांना का लावतेस?"

ताईंनी तिची मान पुन्हा नळाखाली वाकवली. मागे क्रीम डोळ्यांत गेलेल्या बँकेतल्या बाई दोन्ही हातांनी चाचपडत होत्या. "अहो ताई, आणि माझं काय? पाणी द्या हो मला! नळ कुठाय?"

नळ तिथे एकच होता. ताई पोरीच्या तोंडावर पुन्हा पुन्हा पाणी मारत राहिल्या, बाजूला काही झाल्या नाहीत.