बशीतली हाडं

शेळके सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक काळपट गोळी असायची. अंगठ्याएवढी, वरून वॉर्निश मारल्यासारखी चकचकीत. चहा आला की ते कप बाजूला ठेवायचे, गोळी बशीत फोडायचे आणि टाचणीच्या टोकानं तिच्यातले केस आणि हाडं वेगळी करायचे. "गव्हाणी घुबड. उंदीर दोन, चिचुंद्री एक," असं म्हणून फुंकर मारायचे, हाडं उडाली की त्याच बशीत चहा ओतून भुरका घ्यायचे. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीशेजारी, त्यांनी हेच केलं. वधूपिता हात जोडून उभा. सर त्याला म्हणाले, "नको ते हा पक्षी निदान परत काढून देतो. तुमचे व्याही देतील का?"

घुबड शिकार अख्खी गिळतं. मांस पचतं, केस, हाडं, दात पचत नाहीत. त्यांची पोटात गोळी होते आणि ती ते तोंडावाटे टाकून देतं. गोळी फोडली की त्या शिवारात कोणते प्राणी आहेत, ते कळतं. सरांनी उभा जन्म या एका विद्येला दिला. संभाजीनगरात त्यांना ओळखणारे पुष्कळ, पण जवळ जाणारे थोडे.

मी त्यांच्याकडे पीएचडीसाठी गेले तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर एक गोळी ठेवली. "हे काय?"

मी म्हणाले, "विष्ठा."

"तोंडातून आलेलं आणि खालून आलेलं ज्याला ओळखू येत नाही, त्यानं प्राणिशास्त्रात येऊ नये. राजकारणात जावं." पुढं वर्षभर ते मला सगळ्यांदेखत 'विष्ठाबाई' म्हणत होते. वाळूजला रात्रपाळी करून येणारा एक मुलगा तासाला पेंगायचा. एकदा त्याच्या उघड्या तोंडात त्यांनी अलगद गोळी ठेवली. तो ओकत बाहेर पळाला, वर्ग हसला. मीही हसले. त्या मुलानं नंतर विषय बदलला, आणि सर म्हणाले, "बरं झालं. गिळायची ताकद नव्हती त्याची."

मग आम्ही त्यांच्याकडे टिकलो कशाला? कारण ते शिकवायला बसले की बाकी सगळं विसरायला व्हायचं. पिंगळ्याची गोळी ठिसूळ, तिच्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे. गव्हाणीची घट्ट, कवटी बहुधा शाबूत. उंदराचे पुढचे दात नारिंगी, चिचुंद्रीचे पांढरे, करवतीसारखे. कुणी घाईनं नाव सांगायला लागलं की ते टेबलावर बोट आपटायचे. "हाडाला बोलू द्या. तुम्ही गप्प बसा." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की गप्प बसणं हाही मला शास्त्राचाच भाग वाटायला लागला होता.

खुलताबादच्या वरच्या अंगाला एका वस्तीत बेवारस घुमट आहे. कुणाची कबर, कुणाला ठाऊक नाही. त्या घुमटात गव्हाणीची जोडी होती आणि घुमटाला लागून कौसाबाईचं दोन खणांचं घर. कौसाबाई एकटी, साठीची, तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी सरांना म्हणाली, "एवढे मास्तर झाले अन् घुबडाच्या वकाऱ्या येचायला येता व्हय? पगार देतं का सरकार याचा?" सर मोठ्यानं हसले. त्यांना परत टोला देणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानंतर तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय आमची फेरी पुरी होत नसे. मला ती 'लेकी' म्हणायची.

आठवड्याला एकदाच जाणं व्हायचं, मधल्या गोळ्या पावलांखाली जायच्या. म्हणून मी तिला घरातला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. "खाली पडलेल्या गोळ्या यात टाकत जा, मावशी. पण कुणाला सांगू नका. लोक घुबडाला राहू देणार नाहीत."

"नाय सांगत. लई येडे गं तुमी," ती म्हणाली आणि डबा मांडणीवर, तिखटमिठाच्या डब्यांशेजारी ठेवला.

'सांगू नका' हे सरांचं. त्याला कारण होतं. गंगापूरकडच्या एका गावात त्यांनी पूर्वी लोकांना खरं सांगितलं होतं: हे घुबड आहे, तुमच्या शेतातले उंदीर खातं. दुसऱ्या दिवशी लोकांनी विहिरीच्या कपारीत धूर केला आणि खाली पडलेली पिल्लं दगडानं ठेचली. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. सांगताना खिशातली गोळी हातानं कुस्करून टाकली, त्याचं त्यांना भानही नव्हतं.

त्या वर्षी कौसाबाईच्या शेजारच्या रावसाहेबांच्या सुनेला, सविताला, मेलेलं मूल झालं. पहिलंच. त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या गोठ्याच्या दाराशी तशा दोन गोळ्या सापडल्या. घुबड गोठ्याच्या आढ्यावर बसायचं, तिथून टाकलेल्या. पण केस आणि इवलीइवली हाडं बघून कुणीतरी म्हणालं, ही बाळाची बोटं आहेत. करणी आहे. मग घरोघर झडती झाली आणि कौसाबाईच्या मांडणीवर माझा डबा निघाला. गळ्यापर्यंत भरलेला.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचं ऊन चढत होतं. कौसाबाईला अंगणात बसवलं होतं. डबा रावसाहेबांच्या हातात. माणूस तसा सभ्य. सरांना म्हणाले, "सर, ही म्हणते, ह्या गोळ्या तुमच्यासाठी जमवल्या. व्हय का? तुम्ही हो म्हणा, मी हिला सोडतो."

सरांनी घुमटाकडे पाहिलं. आत पाच पिल्लं होती. बदामी आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्यांची, अजून उडता न येणारी. मग ते म्हणाले, "आम्ही पक्षी बघतो हो. असली घाण आम्हाला काय करायची?"

कौसाबाई हसली. तिला वाटलं, सर थट्टा करताहेत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "अगं लेकी, तुझाच की डबा! सांग की गं यांना."

मी म्हणाले, "माझा नाही."

पिल्लांचा विचार मी केला नव्हता. सर शेजारी उभे होते, प्रबंध संपत आला होता, एवढंच डोक्यात होतं. पिल्लांचं कारण मी नंतर सरांकडून उसनं घेतलं.

पहिली चप्पल सवितानं मारली. कानाला बाळंतिणीचं फडकं बांधलेलं होतं, नीट उभंही राहता येत नव्हतं तिला. मग बाकीच्या बाया उठल्या. कुणीतरी डबा कौसाबाईच्या डोक्यावर उपडा केला. मी ओळखून, मोजून ठेवणार होते ती हाडं तिच्या केसांत अडकली. ती ओरडत नव्हती. "लेकी, अगं लेकी," एवढंच म्हणत होती. सरांनी स्कूटर चालू केली. "बस."

घाट उतरल्यावर त्यांनी रस्त्याकडेला थांबून सीताफळं घेतली. दाबून, पारखून. एक माझ्या हातात देत म्हणाले, "बाई मरणार नाही. पिल्लं मेली असती." मी ते सीताफळ खाल्लं.

कौसाबाईला वस्तीतून काढलं. ती वाळूजला भाचीकडे गेली, कामगारांच्या चाळीतल्या एका खोलीत. पुढच्या विणीला घुबडांनी घुमट सोडून तिच्या रिकाम्या घरात अंडी घातली. सर लहान मुलासारखे हरखले. "बघ विष्ठाबाई, हिनं संसार मोडला, त्यांनी मांडला. वर्षात दोन विणी!" तिच्या चुलीजवळून मी गोळ्या वेचल्या. त्यांत उंदरांच्या कवट्या नेहमीपेक्षा जास्त होत्या, कारण तिची ज्वारीची कणगी तशीच राहून गेली होती. माझ्या प्रबंधातला सगळ्यांनी वाखाणलेला भाग तो. त्याच्यावर मला नोकरी लागली. पुण्याला जाताना वाळूज दर वेळी रस्त्यात लागायचं. मी एकदाही उतरले नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. नंबर तिनं कुठून मिळवला, कळलं नाही. "मावशी गेली. शेवटी शेवटी विचारायची, माझ्या हातून कायतरी झालं असंल का गं? दोन शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील?" आणि फोन ठेवला.

मी सरांकडे गेले. ते अर्धांगानं पडून होते, तोंड वाकडं, पण डोकं लख्ख. मी म्हणाले, "कौसाबाई गेली."

"कुठली?"

थोड्या वेळानं त्यांनाच आठवलं. चांगला हात वर करून त्यांनी बोटं पसरली. "पाच. पाचही उडाली."

मग डोळे मिटले. ते झोपले की रडत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या महिन्यात ते गेले. शोकसभेत मी खिशातल्या गोळीचा आणि बशीतल्या चहाचा किस्सा सांगितला. लोक पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, मॅडम, सर हुबेहूब उभे केलेत तुम्ही.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. जाताना पर्समध्ये एक गोळी घेतली होती. रावसाहेब ओसरीवर बसले होते, फार थकलेले. त्यांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ काठी जमिनीवर घासत राहिले. "बाई, आता आलात?" आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक करा. सुनेला सांगू नका. मागून दोन पोरं झाली तिला. पण पहिल्याचं दुःख तिनं त्या म्हातारीवर टाकून दिलं, म्हणून जगली. तेवढं राहू द्या."

म्हणजे पुन्हा तेच. कुणाच्या तरी भल्यासाठी गप्प बसायचं.

सविता चहा घेऊन आली. अंगानं भरलेली, हसरी. "कोण बाई? कुठून आल्या?" तिनं मला ओळखलं नव्हतं. मी कप खाली ठेवला, पर्समधली गोळी काढली आणि बशीत फोडली. माझे हात सरांसारखे चालत होते.

"हा उंदराचा जबडा. हे नारिंगी दात बघ. ही चिचुंद्री. ही मागच्या पायाची हाडं, बोटांसारखी दिसतात ना? घुबड हे ओकून टाकतं. कौसाबाई माझ्यासाठी गोळा करायची. तो डबा माझा होता."

रावसाहेबांनी मान फिरवली. सविता खाली बसली. एक हाड तिनं बोटावर घेतलं, उन्हात धरलं, परत बशीत ठेवलं.

"माझ्या बाळाचं यात कायच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बाई, मी मारलं ते कुणाला?"

उत्तर तिला ठाऊक होतं. तिनं माझा कप उचलला, त्यातला चहा हाडांसकट त्या बशीत काठोकाठ ओतला आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

"घ्या," ती म्हणाली. "प्या आता."

मी बशी उचलली.