सहीच्या जागेवरचा हात

फॉर्मवर सहीच्या जागी मॅडम स्वतःचा तळवा ठेवायच्या. "वाचलंत?" गिऱ्हाईक चाचरलं की म्हणायच्या, "चष्मा घरी राहिलाय? मग सहीही घरीच राहू द्या. उद्या या."

सदाशिव पेठेतल्या आमच्या शाखेत त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. तुम्हीही कुठल्यातरी बँकेत अशा एखाद्या मॅडम पाहिल्या असतील. लोक नंबर सोडून त्यांच्याच टेबलाशी थांबतात. बँक मोठी, देशभर पसरलेली. पण पेठेतल्या म्हाताऱ्यांच्या लेखी बँक म्हणजे या मॅडम.

मग वरून विमा विकायचं टार्गेट आलं. रोज संध्याकाळी स्क्रीनवर मीटिंग व्हायची आणि मागे पडलेल्यांची नावं सगळ्यांदेखत वाचली जायची. त्यांचं नाव सलग दोन महिने पहिलं होतं. "एवढा ओळखीचा राबता, आणि एक पॉलिसी नाही? बदलीच हवी वाटतं तुम्हाला," स्क्रीनवरचे साहेब म्हणाले. वारज्याला मॅडमच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतले एक निवृत्त मास्तर ठेव मोडून पुन्हा ठेवायला आले. मॅडमनी ठेवीऐवजी विम्याचा फॉर्म पुढे केला.

"तुम्ही सांगताय, मग वाचायचं काय त्यात?" मास्तर हसले आणि त्यांनी सही केली. मॅडमचे दोन्ही हात मांडीवर होते. मी पाहिलं.

आठ महिन्यांनी मास्तर आले. बायकोचं खुब्याचं ऑपरेशन होतं. पैसे पाच वर्षं निघणार नाहीत, हे त्यांना तेव्हा कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "असू दे, मॅडम. तुमचाही काही नाइलाज असेल," एवढंच म्हणाले आणि काउंटरला धरून हळूहळू गेले.

त्या दुपारी मॅडम जेवल्या नाहीत. दोन पानी अर्ज लिहिला, स्वतःविरुद्ध: मी ग्राहकाला पूर्ण माहिती न देता पॉलिसी विकली, त्यांचे पैसे परत करावेत.

"अगं, तू शेजारीच होतीस. साक्षीला सही करशील?"

माझ्या डोळ्यांपुढे मुलीची शाळा आली, घर आलं. "मॅडम, मला यात नका ना ओढू."

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. अर्ज एकटीच्या सहीनं गेला.

मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, स्वतःविरुद्ध कोणी लिहितं का?"

"खोटं काय आहे त्यात?"

मास्तरांचे पैसे परत आले, ऑपरेशन झालं. मॅडमना आधी चौकशीची नोटीस आली, मग विदर्भातल्या एका टोकाच्या शाखेत बदली. सासूबाईंना सोडून जाणं शक्य नव्हतं. त्यांनी नोकरीच सोडली.

निरोप समारंभ करू नका, असं वरून तोंडी कळवण्यात आलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामा केला, देवाचा छोटा फोटो पदराला पुसून पर्समध्ये टाकला आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी क्षणभर उभ्या राहिल्या. माझ्याजवळ आल्या तेव्हा मी फोन कानाला लावून बसले होते. पलीकडे कोणीच नव्हतं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि त्या गेल्या. मी तशीच, कोणाला तरी "हो, हो" म्हणत राहिले.