ॲन आर्बरला मी ओटी कुणाची भरली?

मंजूने मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा लग्न करून, आणि दुसऱ्यांदा माझ्या घरी जेवून. पहिली फसवणूक कुणालाही समजेल. दुसरी मलाच अजून समजलेली नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. वडिलांचा सांगलीत स्टीलच्या भांड्यांचा गाडा होता. शाळा सुटली की मी गाड्यावर. समोरची बाई खरंच अडचणीत आहे की भाव पाडायला तोंड पाडतेय, हे मला फ्रॉकमध्ये असल्यापासून कळतं. तेव्हा 'भास झाला असेल', 'एकटेपणाने असं होतं' वगैरे समजूत घालायला कृपया कुणी येऊ नका. मी एकटी नव्हते. शुभदा होती.

मंजू, शुभदा आणि मी कराडला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो. शुभदा साताऱ्याची, आणि मंजू माझ्याच गावची, पण बंगल्यातली. मी गाड्यावरची. तरी चार वर्षं एका ताटात जेवलो. शेवटच्या वर्षी मंजूचं आणि माझं ठरलं — अमेरिकेला जायचं तर दोघींनीच. अभ्यास एकत्र, फॉर्म एकत्र. ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन दोघींनाही मिळाली. घरमालकाशी ईमेलवर हुज्जत घालून मी दोघींसाठी घरसुद्धा ठरवलं — "दारातला बर्फ आम्ही काढू, तू भाडं कमी कर."

आणि २००२च्या जूनमध्ये मला शुभदाकडून कळलं की मंजूचं लग्न ठरलंय. मुलगा शिकागोजवळ नेपरव्हिलला, आयटीत. शुभदाकडून! मंजू काही बोलली नाही. पोस्टाने छापील पत्रिका आली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना येते तशी. मी ती फाडली आणि एकटीच विमानात बसले.

नेपरव्हिल आमच्यापासून गाडीने चार-पाच तासांवर. अमेरिकेच्या हिशेबात शेजारच. तिथे आल्यावर मंजूने एकदा फोन केला. मी इंग्लिशमध्ये "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. मग तिचाही फोन बंद.

२००४च्या जानेवारीत लाँग वीकेंडला शुभदा माझ्याकडे आली. ती तोवर जर्सीत नोकरीला लागली होती. तिथल्या आयसेलिनच्या देशी दुकानांतून बॅग भरून बाकरवडी, लोणचं, भाजणी घेऊन आली. पहिल्या संध्याकाळीच म्हणाली, "वैशे, रागावू नकोस. मी मंजूला मेल टाकलाय. तुझा पत्ता दिलाय, जमलं तर ये म्हटलंय."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आणि तिचं उत्तर आलेलंच नाही. ओरडायची एनर्जी वाचव."

रविवारी सकाळी मी दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ खरवडून काढला, मीठ टाकलं. (हे मुद्दाम सांगतेय. बर्फात पावलं उमटली होती का, असं प्रत्येक जण विचारतो. कुठून उमटणार?) जेवायची वेळ होत आली होती, मी पिठलं ढवळत होते, आणि बेल वाजली. शुभदाने दार उघडलं आणि किंचाळली.

मंजू. निळा कोट, पाठीवर तोच जाडजूड लांब शेपटा, हातात फक्त पर्स.

"ट्रेनने आले," ती म्हणाली. "आत घेणार की दारातच उभी करणार?"

मी शेगडीपाशीच. हातात पळी तशीच. ती सरळ स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातली पळी काढून घेतली, पिठलं चाखलं.

"अजून मीठ कमीच. भाव करून करून हात आखडलाय तुझा."

"नसेल आवडत तर जा ना नवऱ्याकडे."

"जाते की. जेवून जाते."

शुभदा हसायला लागली. मी हसले नाही, पण तिसरं ताट घेतलं.

ती जेवली. नीट, पोटभर, दोनदा भात घेऊन. शुभदाच्या ताटातली बाकरवडी उचलून खाल्ली, हॉस्टेलसारखीच. मेसच्या आमटीवरून दोघी खिदळत होत्या आणि मी तिच्याकडे बघत होते. बघितल्यावर फार राग टिकत नाही माणसाचा. निदान तिच्यावरचा तरी.

जेवण झालं. ती ताटं घासायला उभी राहिली. मी शेजारी, पुसायला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्न ठरलं त्या दिवशी मी तुमच्या गल्लीत आले होते, वैशे. तुझी आई दारात भांडी पुसत बसली होती. म्हणाली, ये की गं, वैशी येईल इतक्यात. मी म्हटलं, नंतर येते. आणि मागे फिरले. तुला तोंड दाखवायची हिंमतच झाली नाही. तुला मी सांगायला हवं होतं. माझ्याच तोंडाने. चुकलं माझं. सॉरी."

दीड वर्ष मी या वाक्याची वाट बघत होते. ते आल्यावर काय काय सुनवायचं तेही ठरलेलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. "असू दे," म्हटलं. मग दोघी रडलो. नळ चालू होता म्हणून शुभदाला ऐकू गेलं नाही, एवढंच.

निघताना ती म्हणाली, "पहिल्यांदा आलेय तुझ्या घरी. रिकामी पाठवणार? ओटी भर."

"मी? अगं, माझं लग्न झालेलं नाही. कुमारिका कुठे ओटी भरते का?"

"मग काय, घरमालकाला बोलावतेस?"

शुभदाही बिनलग्नाचीच. शेवटी मीच भरली. भारतातून निघताना आईने बॅगेत एक खण घातला होता — हिरवा, लाल काठाचा, 'कुणी सवाष्ण दारात आली तर असू दे' म्हणून. तो काढला. ओंजळीने तांदूळ घातले, नारळ नव्हता म्हणून संत्रं ठेवलं, मध्ये हळकुंड. मंजूने ओढणीचा पदर पुढे धरला. माझ्या हाताला तिचा हात लागला, चांगला गरम होता. आई म्हणते, ज्या बाईची ओटी आपण भरली, तिच्याबद्दल मनात काही ठेवायचं नाही. मी ठेवलं नाही. तांदूळ घालतानाच सगळं सोडून दिलं.

"स्टेशनवर सोडते, थांब. गाडीवरचा बर्फ काढते," मी म्हटलं.

"कशाला? कोपऱ्यावर बस आहे."

मी मागे जाऊन गाडी काढून पुढे आणली, तर कोपऱ्यावर कुणी नव्हतं. दारातून शुभदा ओरडली, "गेली वाटतं गं बसने!" मी चिडले, पण हसत चिडले. आमच्या रस्त्यावर रविवारी बस नसते, हे मला चहा टाकताना आठवलं.

संध्याकाळी पोचली का विचारायला मी स्वतःहून नेपरव्हिलला फोन लावला. तिच्या सासूबाईंनी उचलला.

"काकू, मी वैशाली, मंजूची मैत्रीण. पोचली का ती?"

"कुठून पोचली?"

"ॲन आर्बरहून. माझ्याकडून."

"अगं, भलतंच काय! ती बेडरेस्टवर आहे दिवाळीपासून. दिवस गेलेत तिला, आणि जरा त्रास आहे. डॉक्टरांनी बाथरूमपुरतंच उठायला सांगितलंय. मी इथून हललेली नाही बाई."

मला वाटलं, सासूला न सांगता आली असेल आणि आता काकू ते माझ्यापासून झाकतायत. पण गरोदर? ढगळ कुर्त्यात मला कळलंच नाही की काय? बेडरेस्ट? मग तर डोकंच फिरलं. अशा अवस्थेत ट्रेनने! दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती. सकाळी शुभदाला गाडीत घातलं आणि थेट नेपरव्हिल गाठलं.

तिच्या नवऱ्याने, अभयने, दार उघडलं. मी बूट काढून सरळ बेडरूममध्ये. मंजू पलंगावर पडलेली. गाल बसलेले, पोट वर आलेलं, आणि केस... मानेपर्यंत कापलेले. काकू म्हणाल्या, "विंचरणं होईना, म्हणून ख्रिसमसच्या आधी मीच कापले."

शुभदा भिंतीला टेकून खालीच बसली.

मंजू मला बघून रडायलाच लागली. "वैशे, तू आलीस? खरंच आलीस?"

"मी आले म्हणजे? काल तू आली होतीस!"

सगळं सांगितलं. ती आ वासून ऐकत होती. मी तिला सोडवायचाही प्रयत्न केला — "काल दुपारी झोपली होतीस ना? स्वप्न पडलं असेल माझ्या घराचं?"

"झोपले होते. पण स्वप्नबिप्न नाही पडलं गं. साधी झोप."

म्हणजे बघा. माझं साधं स्वप्नसुद्धा नाही पडलं तिला! शुभदाचा मेल तर तिने उघडलाच नव्हता, महिनाभर कॉम्प्युटरपाशी बसली नव्हती. मी काकूंना कपाटं उघडायला लावली, हिरवा खण शोधायला. काकूंनी तोंड वाकडं केलं, पण उघडली. खण नव्हता. तो आजतागायत कुठेच मिळालेला नाही.

मग मी तिला गल्लीचं विचारलं. लग्न ठरल्याच्या दिवशी तू आमच्या दारापर्यंत येऊन परत गेलीस का?

मंजूचा चेहरा उतरला. "हे तुला कुणी सांगितलं? मी आईलाही बोलले नाही कधी."

"तू सांगितलंस. काल. ताटं घासताना."

ती बराच वेळ पांघरुणाचा दोरा ओढत राहिली. नंतर मी सांगलीला फोन करून आईलाही विचारलं. "हो की, आली होती," आई म्हणाली, "दारातनंच गेली. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

त्या दुपारी मंजूच्या उशाशी बसून मी तिला मऊ भात भरवला. निघताना म्हटलं, "बाकी जाऊ दे. सॉरी म्हणालीस ते तरी खरं ना?"

आणि आमच्या बाईसाहेब डोळे पुसून काय म्हणाल्या असतील? "मी आलेच नाही, तर सॉरी कशी म्हणेन?"

काकू हसल्या. अभय हसला. मी काय करणार, पलंगावरच्या बाईशी भांडता येत नाही.

त्या वसंतात तिला मुलगी झाली, ठणठणीत. लोक लगेच ओटीशी संबंध जोडतात. मी जोडत नाही. पोरगी मला मावशी म्हणते, इंग्लिशमध्ये उलट उत्तरं देते, आणि माझी फार लाडकी आहे. मंजू आणि मी दर रविवारी फोनवर असतो. अभय म्हणतो, तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी असेल. असेल तर तिला आमची गल्ली कशी माहीत? शुभदाला तुम्ही विचारा. ती एवढंच म्हणते, "माझ्या ताटातली बाकरवडी गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." मलाही याहून जास्त काही सांगता येत नाही. स्पष्टीकरण नाही. शोधून झालं.

पण मंजू, तू हे वाचणार, कारण शुभदा तुला दाखवल्याशिवाय राहणार नाही. चार वर्षं तू विषय टाळतेस. मी काढला की "पोरगी रडतेय" म्हणून फोन ठेवतेस. आता सगळ्यांसमोर विचारते. दीड वर्ष धरून ठेवलेला राग मी त्या दिवशी सोडला, आणि तो परत घेता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. ती तू असशील तर कबूल कर. नसशील, तर तुझ्या नावाने माझ्या दारात येणाऱ्या त्या बाईबद्दल उत्तर तूच द्यायचंस, कारण चेहरा तुझा होता, आवाज तुझा होता, आणि मनातली गोष्टही तुझीच होती. गाडीत बस आणि ये. माझ्यासमोर उभी राहा आणि सांग, मंजे — त्या दिवशी मी माफ कुणाला केलं?