बर्फातली बाभळ

लग्नानंतरचा पहिला फोटो काढायला आम्ही दोघं शेवगावच्या बाजारात एका फोटोवाल्याच्या तंबूत गेलो. तो लष्करातून परतलेला. भर उन्हाळ्यात कॅमेरा काखेत दाबून बसला होता.

"लडाखची सवय हाय," तो हसला. "तिथं गारठ्यानं फिलम कडाकडा मोडायची. श्वास सोडला तरी काचेवर बर्फ."

मागच्या पडद्यावर बर्फाचा डोंगर होता. त्यानंच तिथं काढलेल्या फोटोवरून गावातल्या पेंटरनं रंगवलेला. पण बर्फात एक हिरवीगार बाभळ उभी!

बायको म्हणाली, "इथं नको बाई, माहेरचे हसतील."

"पेंटरला डोंगर लई उघडाबोडका वाटला, वैनी. त्यानं आमच्या वस्तीवरली बाभळ काढली."

"मग पुसून का नाही घेतली?"

"तिथं फोटो काढताना बोटं बधिर व्हायची. मग डोळे मिटून मी हीच बाभळ बघायचो. फोटोत तेवढी आली नव्हती."

बायको हसत सरकली आणि बरोबर बाभळीखाली जाऊन उभी राहिली. फोटोवाल्यानं लडाखच्या सवयीनं श्वास रोखला आणि बटण दाबलं.