यकृतावरची चरबी

मार्गशीर्षातला पहिला सोमवार, सांगलीच्या विश्रामबागेतला दवाखाना. माझं वजन शहाऐंशी किलो दोनशे ग्रॅम. हजर मी, बायको आणि डॉक्टरीणबाई.

थोरला भाऊ मिलिटरीतून रिटायर होऊन साताऱ्यात राहतो. काविळीनं त्याचं यकृत निकामी झालं होतं. माझ्या यकृताचा तुकडा त्याला द्यायचं ठरलं, रक्तगटही जुळला. पण बाईंनी सोनोग्राफी पाहून मान हलवली. "तुमच्याच यकृतावर चरबी आहे. बारा आठवड्यांत सात किलो उतरवा. नाहीतर तुकडा काढता येणार नाही."

मला कळेना. तूप मी अर्धा चमचा खातो, तेही मोजून. तळलेलं सणापुरतं. मग चरबी आली कुठून?

"गोडातून, भातातून. जास्तीचं झालं की शरीर त्याची चरबी करून ठेवतं."

साखर बंद, भात बंद, रोज पाच किलोमीटर चालणं. सगळं वहीत लिहून पाळलं. चार आठवड्यांत उतरले सहाशे ग्रॅम. दादाला फोन केला.

"चोरून खातोयस गड्या," तो हसला. पण हसता हसता त्याला दम लागला. मी फोन ठेवला आणि वही आणि बायकोला घेऊन दवाखाना गाठला.

बाईंनी वही चाळली. "चहा चार वेळा? गोड कशानं करता?"

"साखर नाही हो. घरच्या उसाचा गूळ. आणि भाकरीबरोबर काकवी."

"अहो, तीसुद्धा साखरच की!"

बायको छताकडे बघायला लागली. आमच्याकडे साखर कारखान्याची आणि गूळ घरचा. तो साखरेत धरायचा असतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

गूळ सुटला तसं वजन उतरलं. बाराव्या आठवड्यात एकोणऐंशी किलो शंभर. सोनोग्राफीत यकृत साफ. मी विचारलं, "हे सात किलो गेले कुठं? घामातून?"

"बरेचसे श्वासातून. उरलेले पाणी होऊन."

बाईंनी दोनदा समजावलं. घरी मी काट्यावर उभा राहून जोरजोरात फुंकलं. आकडा हलला नाही.

दादाला सांगितलं, तर म्हणाला, "वारा सोडून सोडून बारीक झालास व्हय रं?"

हा जमाखर्च मला अजून लागलेला नाही. पुण्याला ऑपरेशन झालं. माझ्या यकृतातून सहाशे चाळीस ग्रॅम काढले, ते दादाला दिले.