समुद्रावर दिलेली हाळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. सांगायचं ठरवून एकदा घरातून निघालो होतो — आणि डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलून परत आलो. आता वही घेऊन बसलोय तर मुलगा दारातून म्हणाला, "आबा, जुनं कशाला उकरताय?" काय उकरतोय हे त्याला माहीत नाही. कळेल तेव्हा रागावेल. रागावू दे.

आमच्या निमगावात माझ्या शब्दाला किंमत आहे. भावकीत बांधावरून भांडण लागलं की मला बोलावतात. "दत्तोबा खोटं बोलायचे न्हाईत," असं म्हणून दोन्ही बाजू गप्प बसतात. तीस वर्षं मी असा मध्ये बसतोय. त्यातली सोळा वर्षं मला माहीत होतं की मी कोण आहे. तरी बसलो. का बसू नये? बांधाचा निवाडा मी कधी चुकीचा दिला नाही.

पण ते जाऊ दे. विमानांचं सांगतो.

आमच्या शिवारावरून विमानं जातात. बारामतीकडं मुलं विमान चालवायला शिकतात, त्यांची ती लहान, पंख्याची विमानं. मी बागेत काम करता करता ती ऐकून शिकलो. शिकवणारा मध्येच इंजिन मंद करायला लावतो. आवाज एकदम बसतो, विमान खाली येऊ लागतं, आणि मग पुन्हा घरघर सुरू होते. एकदा ती घरघर लवकर सुरूच झाली नाही, विमान पार डाळिंबांच्या शेंड्यांवर आलं आणि मी चरात आडवा झालो. गेलं ते सुखरूप. पण तेव्हापासून वरचा आवाज बसला की मी आधी चर कुठं आहे ते बघतो. लोकांना मात्र मी सांगायचो की मला आवाजावरून विमानाचं सगळं कळतं.

सोपाना म्हणायचा, "आमच्या दत्तूला इमानातलं सगळं कळतं. नुसतं इमानात बसायचं ऱ्हायलंय."

सोपाना म्हणजे माझा शेजारी. आमचा बांध एक, विहीर एक, लहानपणापासूनची संगत. माणूस कमालीचा थट्टेखोर. एकदा त्यानं आवाज बदलून मेव्हण्याला फोन केला, की वीजवाले मोटार जप्त करायला निघालेत. मेव्हण्यानं भर दुपारी विहिरीतली मोटार काढून कडब्याच्या गंजीत लपवली. दोन दिवस ऊस वाळत होता. तर सोपाना असा. त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटायचं. हे लक्षात ठेवा.

सोळा वर्षांपूर्वी डाळिंबाला भाव चांगला लागला आणि आम्ही आळीतली वीस-बावीस माणसं गाडी करून समुद्र बघायला गेलो. सोपानानं आईला आणलं होतं. भामाई तिचं नाव. सत्तरी गाठलेली, पण चालायला माझ्या पुढं. तिनं समुद्र पाहिला नव्हता. दोन दिवस अलिबागला राहिलो. भामाई पाण्यात गुडघाभर उभी राहून सोपानाला म्हणाली, "एवढं पाणी, आन् उसाला एक थेंब उपेगाचा न्हाय." तिसऱ्या दिवशी मुंबईत मरीन ड्राइव्हवर विमानांच्या कसरती होत्या. आम्ही कठड्यावर रांगेनं बसलो. मी, माझ्या डावीकडं सोपाना, त्याच्या पलीकडं भामाई, कुल्याखाली शालीची घडी.

नऊ विमानं आली. एकाच्या पंखाला दुसऱ्याचा पंख लागेल अशी. भामाईनं हात जोडले. विमानं उलटी झाली, फाकली, पुन्हा जुळली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी आमच्या माणसांना समजावून सांगत होतो, जणू ती मीच उडवत होतो. मग एक विमान एकटंच सरळ वर चढलं. मागं पांढरा धूर. वर, आणखी वर — आणि धूर तुटला. आवाज बसला. विमान क्षणभर टांगल्यासारखं राहिलं, कलंडलं आणि नाक खाली करून आमच्याकडं यायला लागलं.

मी ओरडलो. "बंद पडलं! पळा, अंगावर येतंय!"

आमची माणसं उठली. कोण ओरडलं ते बघायला कुणी थांबलं नाही. ती पळाली म्हणून आजूबाजूची पळाली. विमान लांब पाण्यावरच वळलं, धूर सोडत निघून गेलं, पलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि भामाई फरशीवर पडलेली होती. खुबा मोडला होता.

आता तुम्ही म्हणाल, घाबरला बिचारा, चुकून झालं. म्हणू नका. त्या हाळीची मला लाज वाटत नाही. माणसं मरणार असं वाटलं, ओरडलो. उद्या तसं वाटलं तर उद्याही ओरडेन. मी सांगतोय ते त्याच्या पुढचं आहे.

भामाईला मी उचललं. दोन्ही हातांवर घेऊन गर्दीतून टॅक्सीपर्यंत नेलं. दवाखान्यात सोपाना औषधं आणायला खाली गेला आणि आमच्यातले वडीलधारे नामदेवतात्या म्हणाले, "कुठल्या गाढवानं हाळी दिली रं?"

गोंधळात आवाज कुणाचा ते कुणाला कळलं नव्हतं. फक्त आमच्या कोपऱ्यातून आला, एवढंच. मी म्हणालो, "सोपाना असंल. दुसरं कोण करणार असली थट्टा?"

असंल. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो. मी कुठं म्हणालो की त्यानंच दिली? पण हा आडोसाही खरा नाही. कारण सोपाना वर आला, सगळे त्याच्याकडं बघायला लागले, तो म्हणाला, "म्या न्हाय वरडलो." कुणी मान हलवेना. मग तो माझ्याकडं वळला. हातात औषधाची पिशवी तशीच. "दत्तू, तू सांग की. तू शेजारी व्हतास."

आणि मी म्हणालो, "मला काय कळलं न्हाय बाबा त्या आवाजात."

त्याला माहीत होतं. माझं तोंड त्याच्या कानापासून वीतभर होतं. पिशवी तिथंच ठेवून तो आईकडं गेला. हाळी कुणी दिली हा विषय त्यानं पुन्हा कधीच काढला नाही. का? मी तर्क करायचं सोडून दिलंय. त्याच्या गप्प बसण्याला मोठेपणा म्हणून मला मोकळं व्हायचं नाही.

भामाई त्यानंतर सहा वर्षं जगली, वॉकर धरून. एका घरात राहून लेकाशी बोलायची नाही. सून मध्ये. "त्याला सांग, मोटार चालू झालीया." "त्याला सांग, जेवून घे." सोपाना समोर बसलेला असायचा. थट्टा त्यानं सोडली. बाजारात लोक त्याला चिडवायचे, "सोपानराव, इमान आलं, पळा," आणि तो पिशवी उचलून चालू लागायचा.

आणि माझ्याकडं दर दिवाळीला करंज्यांचं पहिलं ताट यायचं. भामाई धाडायची. "पोटच्यानं पाडलं, ह्यानं उचललं," असं आळीभर सांगायची. त्या करंज्या मी खाल्ल्या. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. चांगल्या व्हायच्या, सारण भरपूर असायचं.

आता मूळ गोष्ट.

भामाईचा दहावा ओढ्याकाठी होता. पिंड ठेवले, माणसं मागं सरली, कावळा शिवेना. झाडावर तीन-चार बसलेले, पण खाली एकही येईना. ऊन चढलं. एकेक जण पुढं होऊन बोलू लागला — नातीच्या लग्नाचं बघू, म्हैस विकणार न्हाय. कावळा ढिम्म. मग बायका कुजबुजल्या आणि नामदेवतात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "सोपाना, तिचा जीव कशात आडकलाय ते तुला ठावं हाय. चुकलो म्हण तिला."

मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. पांढरी टोपी, हात बांधलेले. गाव जमलेलं होतं. एक पाऊल पुढं टाकायचं आणि बोलायचं. यापेक्षा सोपी जागा मला पुन्हा मिळणार होती का?

सोपानानं माझ्याकडं पाहिलंही नाही. मुंडन केलेलं डोकं वाकवून, हात जोडून म्हणाला, "आई, चुकलो. माझ्यानं तुझा पाय गेला. माफ कर."

कावळा आला. लोकांनी सुस्कारा सोडला, एक जण म्हणाला, "बघा, खरं व्हतं." मी सांगतो, कावळ्याला काही कळत नाही. माणसं थोडी मागं हटली म्हणून तो आला. पण त्या दिवशी माझं खोटं गावाच्या लेखी कायमचं खरं झालं आणि मी तोंड मिटून उभा होतो. तेव्हा अंगावर विमान येत नव्हतं. भीती कसली? मान जाईल याची. बस्स, एवढीच.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडं गेलो. वाक्य तयार करून, बांधावरून चालत, मनात घोकत. तो बागेत फळांना कागद बांधत होता. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि वरून विमान आलं. शिकणारं पोर असावं. ऐन डोक्यावर आवाज बसला.

सोपानानं वर पाहिलं नाही. हातातला कागद गुंडाळत म्हणाला, "बंद पडलं बघ. पळायचं का?"

आणि हसला. कितीतरी वर्षांनी मी त्याला हसताना पाहिलं. विमान पुन्हा घरघरत निघून गेलं. मी विचारलं, "औंदा रोग कमी दिसतोय?"

"व्हय," तो म्हणाला. "कमी हाय."

गेल्या पौषात सोपाना गेला. त्याच्या दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा आला. कुणालाही काही बोलावं लागलं नाही. मी पुढं होऊन उभा होतो. वाक्य तेच होतं, दोन वर्षांपूर्वी बांधावरून नेलेलं; तिथंही बोललो नाही, इथं लिहितो.

सोपाना, तितं वरडलो ते मी. तुझ्या आईला मी पाडलं, आन् तुला बी. चुकलो.