आक्कानं बांधलेली बरणी

माझी थोरली बहीण, आक्का, जाऊन दीड महिना झाला. मुकुंदवाडीतल्या तिच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सोफ्यावर टेकतो, चहा घेतो आणि म्हणतो, "वेळच भरली होती." मी मान हलवतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालतो. कसली वेळ? सत्तरीतही दोन जिने न थांबता चढायची ती.

आक्का शाळामास्तरीण. सांडलेलं, आपटलेलं तिला खपायचं नाही. प्रवासाला निघाली की डबे सुतळीनं बांधायची, बरणीभोवती चिंध्या कोंबायची. तिच्या मुलानं, विलासनं, गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात गुबगुबीत सीटकव्हरं चढवली. मागच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांची बक्कलं त्याखाली गडप. टोचतात म्हणे! आता दर्जेदार कव्हराखाली टोचत नाहीत, हे खरं.

लग्नासाठी सोयगावला निघालो, तेव्हा मागं बसून आक्का पट्टा हातात धरून चाचपडत होती.

"विलास, हे अडकवायचं कुठं रे?"

"आई, मागं कोण लावतंय? पोलीस पुढच्यालाच धरतो."

"पोलिसासाठी नाय रे, डोक्यासाठी विचारतेय मी."

आम्ही हसलो. मीसुद्धा... मी पुढं बसलेलो. क्रांती चौकात पोलीस दिसला म्हणून पट्टा लावला आणि नंतर काढायचा कंटाळा केला. माझ्या शहाणपणाची धाव एवढीच.

सिल्लोडच्या पुढं ट्रॅक्टर आडवा आला. विलासनं ब्रेक दाबला, तरी गाडी आदळलीच. आक्का दोन सीटांमधून पुढं फेकली गेली आणि तिचं डोकं माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या डॅशबोर्डवर आपटलं. डॉक्टर म्हणाले, बाकी अंगावर ओरखडाही नाही.

तेराव्यानंतर गॅरेजात जाऊन मी मागचं कव्हर उसवलं. बक्कल कोरं करकरीत, वरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. "मामा, कव्हर कशाला फाडता?" विलास म्हणाला, आणि मग तिथंच खाली बसून रडला. मला त्याची कीव आली नाही. स्वतःचीही आली नाही.

लग्नघरी द्यायची लोणच्याची बरणी आक्कानं त्या दिवशी पायाशी ठेवून सीटच्या दांडीला सुतळीनं आवळली होती. ती तडाही न जाता घरी आली. आता स्वयंपाकघरात फळीवर आहे, सुतळीसकट. गाठ मी कुणाला सोडू देत नाही. त्या गाडीत सगळ्यांत नीट बांधलेली तीच होती, आणि ती बांधताना आक्काला कुणी हसलं नव्हतं.